लहान डेस्कटॉप संगणक थंड कसा ठेवावा

आपल्याकडे टेबलाखालच्या उभ्या खोक्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत आहे. गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी त्या खोक्याच्या जागी साधारण १८ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच अशी एक चपटी पेटी येऊन बसली आहे. लेनोवोची थिंकसेंटर टायनी, डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीची एलिटडेस्क मिनी ही या मापाची परिचित यंत्रे असून प्रत्येकीचे आकारमान जवळपास एक लिटर, म्हणजे पाण्याच्या एका बाटलीएवढे आहे. मोठ्या कार्यालयांतून वापरून काढलेली अशी यंत्रे पुन्हा विक्रीला येतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून ती शाळा, दवाखाने, करसल्लागारांची कार्यालये आणि घरे यांच्यापर्यंत पोहोचतात. मी अशी बरीच यंत्रे उघडून साफ केली आहेत आणि ती मला मनापासून आवडतात. कमी वीज, कमी जागा आणि कमी आवाज यांत बहुतेक लोकांचे सगळे काम त्यांवर भागते. त्यांच्याबद्दलची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे उन्हाळा लागला की पंखा घोंघावू लागतो आणि यंत्र मंदावते.

या तक्रारीवर उपाय करताना बहुतेक जण थेट थर्मल पेस्टकडे, म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड करणारा धातूचा भाग यांच्यामध्ये लावतात त्या मलमाकडे वळतात, कारण पेस्ट बदलणे हे काहीतरी ठोस केल्यासारखे वाटते. माझा अनुभव असा आहे की पेस्टचा क्रम चौथा लागतो. आधी मोजावे, मग यंत्राची जागा पाहावी, मग धूळ काढावी आणि एवढे करूनही आकडे सुधारले नाहीत तरच पेस्टला हात लावावा. हा क्रम का, हे कळण्यासाठी त्या पेटीत उष्णतेचे काय होते ते आधी समजून घेतले पाहिजे.

एका लिटरचा श्वास

या यंत्रांत बहुधा इंटेलचे ‘टी’ अक्षराचे प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप, म्हणजे खरा सीपीयू) असतात. उदाहरणार्थ, साधा आय५-८५०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, तर आय५-८५००टी हा ३५ वॅटचा. दोघांनाही सहा कोअर आहेत, मात्र टी प्रकाराचा मूळ वेग ३ ऐवजी २.१ गिगाहर्ट्झ ठेवलेला आहे. प्रोसेसरने घेतलेली वीज अखेर सगळीच्या सगळी उष्णतेत बदलते, त्यामुळे पूर्ण भारावर ३५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे पेटीच्या आत सतत चालू असलेली ३५ वॅटची शेगडी होय.

आता साधा हिशेब करू. एक लिटर हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १.२ जूल उष्णता लागते. आत जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा १० अंशांनी गरम असावी असे धरले, तर ३५ वॅट उष्णता वाहून नेण्यासाठी दर सेकंदाला जवळजवळ तीन लिटर हवा यंत्रातून गेली पाहिजे. पेटीच मुळात एक लिटरची आहे. याचा अर्थ, आतली सगळी हवा सेकंदाला तीन वेळा बदलली गेली तरच हे गणित जुळते, आणि आतली बरीचशी जागा मदरबोर्ड, रॅम व हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेला देणारा, पातळ पत्र्यांचा धातूचा भाग) यांनी व्यापलेली असल्यामुळे उरलेल्या पोकळीतून हवेला त्याहूनही वेगाने धावावे लागते. मोठ्या कॅबिनेटमध्ये एखादी जाळी अर्धी बुजली तरी दुसरीकडून हवा येते. एक लिटरच्या पेटीत दुसरीकडे नावाची जागाच नसते. म्हणून लहान संगणकाच्या बाबतीत हवेचा मार्ग हाच खरा कूलर आहे आणि बाकी सगळे सुटे भाग त्या मार्गाच्या मदतीला आहेत, असे मी मानतो.

प्रोसेसरच्या सिलिकॉनपासून हवेपर्यंतचा प्रवास पायरीपायरीने होतो. सिलिकॉनवरच्या धातूच्या झाकणावर हीटसिंकचा तांब्याचा तळ टेकलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा असतात आणि त्या खाचांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, अ‍ॅल्युमिनियमची दोनशेच्या वर आणि हवेची अवघी ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन आहे, हे पाहिले की त्या हवेचा अडथळा किती मोठा असतो ते कळते. थर्मल पेस्टचे काम एवढेच की त्या खाचांतली हवा हुसकून तिची जागा घ्यावी. पेस्टची स्वतःची वाहकता तांब्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ असते, त्यामुळे ती जाड थापली तर मदत होण्याऐवजी आडकाठीच होते.

पुढची पायरी म्हणजे हीट पाइप, आणि ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. बाहेरून ती तांब्याची चपटी नळी दिसते. आत थोडेसे पाणी आणि भिंतींना चिकटलेला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. नळीतली हवा काढून टाकलेली असल्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता बऱ्याच कमी तापमानाला वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन आपली उष्णता पातळ पत्र्यांना देते आणि दिव्यातल्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी सच्छिद्र थरातून परत गरम टोकाकडे येते. तिला ना मोटर लागते, ना वीज. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये हे तत्त्व प्रत्यक्षात आणले आणि आज तळहाताएवढ्या संगणकातही ते निमूटपणे काम करते. अर्थात प्रत्येक लहान डेस्कटॉपमध्ये हीट पाइप असतेच असे नाही. ३५ वॅटच्या अनेक यंत्रांत नुसता पत्र्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा एवढ्यावर काम भागवलेले असते.

शेवटची पायरी पंख्याची. चपट्या पेटीत बहुधा ब्लोअर प्रकारचा पंखा वापरतात, जो हवा मधोमध ओढून घेतो आणि कडेने जोरात बाहेर फेकतो. दाट पत्र्यांतून हवा ढकलायला दाब लागतो आणि तो दाब हा प्रकार चांगला देतो. मात्र पंखा लहान असल्यामुळे त्याला वेगाने फिरावे लागते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. म्हणून मोठा पंखा हळू फिरून जे काम शांतपणे करतो, तेच काम लहान पंखा आरडाओरडा करून करतो. आवाज वाढला की पंखा बिघडला असा निष्कर्ष लगेच काढू नये. बऱ्याचदा तो बिचारा बुजलेल्या जाळीतून हवा ओढण्याची शिकस्त करत असतो.

पंखाच नको असा प्रयोगही झाला आहे. अ‍ॅपलने २००० साली आणलेला पॉवर मॅक जी४ क्यूब हा साधारण २० सेंटिमीटरचा घन होता. त्यात पंखा नव्हता. खालून येणारी हवा आत तापून हलकी होई आणि मधल्या पोकळीतून धुराड्यासारखी वर निघून जाई. त्याच्या वरच्या जाळीवर कागद ठेवला की धुराडे बंद. पुढच्याच वर्षी त्याचे उत्पादन थांबले. त्याच कंपनीच्या २०२४ च्या मॅक मिनीला मात्र पंखा आहे. अवघ्या १२.७ सेंटिमीटर बाजूच्या आणि ५ सेंटिमीटर उंचीच्या त्या पेटीची हवा तळाच्या गोल पायातूनच आत येते आणि तिथूनच बाहेर जाते. तो गादीवर किंवा जाड टेबलक्लॉथवर ठेवला, तर त्याचा श्वास कुठे कोंडेल हे वेगळे सांगायला नको.

आधी मोजावे

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखा मोफत प्रोग्राम घ्यावा. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे पॅकेज बसवले की काम होते. सोबत खोलीचे तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर हवाच, कारण त्याच्याशिवाय प्रोसेसरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

संगणक सुरू करून अर्धा तास तसाच राहू द्यावा आणि रिकामेपणाचा आकडा टिपावा. मग त्याला एखादे भारी काम द्यावे, जसे की लांब व्हिडिओचे रूपांतर किंवा सिनेबेंच या प्रोसेसर तपासणाऱ्या प्रोग्रामची सलग चाचणी, आणि हे काम किमान २० मिनिटे चालू ठेवावे. पहिल्या मिनिटाचे आकडे फसवे असतात. इंटेलचे प्रोसेसर सुरुवातीची काही सेकंदे आपल्या ठरलेल्या वॅटच्या वर जातात आणि हीटसिंक तापून स्थिरावायला वेळ लागतो, त्यामुळे वीस मिनिटांनी दिसणारे तापमान आणि त्या वेळचा वेग हेच खरे धरावेत.

आता प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे. येणाऱ्या फरकाला मी ‘तापवाढ’ म्हणतो आणि सगळ्या आकड्यांत मला हाच एक महत्त्वाचा वाटतो. पंख्याचा वेग आणि भार सारखा असेल तर खोली जितक्या अंशांनी तापते, प्रोसेसरही साधारण तितक्याच अंशांनी वर जातो. समजा, जानेवारीत पुण्यात खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ अंशांना स्थिरावला. म्हणजे तापवाढ ५० झाली. तेच यंत्र मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९० अंशांना पोहोचेल. या पिढीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते आणि तिथे पोहोचण्याच्या बेताला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. यालाच थ्रॉटल होणे म्हणतात. यात बिघाड काही नसतो, प्रोसेसर स्वतःला जपत असतो. पण वापरणाऱ्याला मात्र यंत्र अडखळल्यासारखे वाटते. या यंत्रांच्या माहितीपत्रकांत चालवण्याच्या खोलीची कमाल मर्यादा बहुधा ३५ अंश दिलेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३५ हा आकडा केव्हाच मागे पडलेला असतो, हे लक्षात घेतले की तिकडच्या तक्रारी मार्च ते जूनमध्येच का येतात ते उघड होते.

माझा ढोबळ अंदाज असा की ३५ वॅटच्या निरोगी यंत्रात पूर्ण भारावरची तापवाढ ४० ते ५० अंशांच्या घरात राहते. ती साठच्या आसपास गेली तर कुठेतरी अडथळा आहे असे समजून शोधाला लागावे.

जागा

यंत्र उघडण्यापूर्वी ते जिथे ठेवले आहे तिथे हात फिरवून पाहावा. हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते, हे तळहात जाळीजवळ धरला की लगेच कळते. बाहेर पडणाऱ्या हवेसमोर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर गरम हवा भिंतीवर आपटून फिरून पुन्हा आत ओढली जाते आणि यंत्र स्वतःचीच उष्णता पुन्हा पुन्हा पीत बसते.

सर्वांत वाईट जागा म्हणजे टीव्हीखालचे बंद दारांचे कपाट किंवा टेबलाचा खण. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब बंद कपाटात तासभर लावून ठेवला तर आत काय होईल याची कल्पना करावी; भारावर चालणारे संपूर्ण यंत्र जवळपास तेवढीच उष्णता सोडत असते. कपाटच वापरायचे असेल तर पाठीमागच्या प्लायला वरच्या बाजूस आणि खालच्या बाजूस मोठी भोके पाडून घ्यावीत, म्हणजे गरम हवा वरून निघून खालून ताजी हवा येईल.

मॉनिटरच्या पाठीवर ब्रॅकेटने यंत्र बसवणे सोयीचे असते आणि जागाही वाचते, फक्त बाहेर जाणारी हवा वरच्या किंवा बाजूच्या दिशेने राहील अशा बेताने ते फिरवून बसवावे. दोन यंत्रे एकावर एक रचू नयेत. वीटभर आकाराचा अ‍ॅडॉप्टर पेटीच्या बाहेर ठेवण्यामागे त्याची उष्णता पेटीबाहेर राहावी हाही एक मोठा फायदा असतो. तोच अ‍ॅडॉप्टर नीटनेटकेपणासाठी यंत्रावर नेऊन ठेवला तर तो फायदा गमावतो. उभे ठेवण्याचे स्टँड मिळत असेल तर ते घ्यावे, कारण उभ्या यंत्राचे दोन्ही मोठे पृष्ठभाग हवेला मोकळे राहतात आणि टेबलावरची धूळही थोडी कमी आत जाते.

आपल्या घरांत आणखी दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे संगणकावर धूळ बसू नये म्हणून मायेने टाकलेला क्रोशाचा रुमाल. तो यंत्र बंद असताना जरूर टाकावा, चालू असताना काढावा. दुसरी गोष्ट देवघराची. उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातली फोडणीची वाफ यांच्याबरोबर येणारे तेलकट कण पंख्याच्या पात्यांवर बसतात, त्यावर कोरडी धूळ चिकटते आणि ब्रशने सुटणार नाही असा थर तयार होतो. अशा जागेपासून यंत्र चार हात दूर ठेवलेले बरे. विदर्भात वाळ्याचा कूलर लावल्याने खोलीचे तापमान उतरते, तेवढी तापवाढीची गणितेही सोपी होतात; मात्र कूलरचा ओलसर झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये, कारण ओलसर धुळीची जाळीवर खपली धरते.

धूळ

अकोल्यातील एका करसल्लागारांच्या कार्यालयात दुपारी दोननंतर एक यंत्र दर वर्षी मे महिन्यात मंदावत असे. ‘उन्हाळ्यात व्हायरस येतो’ अशी तिथे समजूत झाली होती आणि दोनदा विंडोज नव्याने टाकून झाले होते. मी गेलो तेव्हा खोली ३९ अंशांवर, प्रोसेसर ९९ वर आणि वेग दोन गिगाहर्ट्झच्याही खाली आलेला होता. झाकण काढले तेव्हा पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसला, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. पंखा हीटसिंकपासून वेगळा केल्यावर खरा प्रकार दिसला. पंख्याच्या तोंडाशी, पत्र्यांच्या कडेवर राखाडी धुळीचा एक सलग पट्टा बसला होता. चिमट्याने ओढल्यावर तो नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड निघाला आणि त्यात कापसाचे तंतू, केस आणि कागदाचा भुगा एकमेकांत विणला गेला होता. पट्टा निघाल्यावर पत्र्यांमधून पलीकडचा उजेड दिसू लागला. पेस्टला हात न लावता यंत्र जोडले आणि पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ३८ अंशांच्या खोलीत ते ८१ अंशांना स्थिरावले आणि वेग अडीच गिगाहर्ट्झच्या वर टिकला. तापवाढ साठवरून त्रेचाळीसवर आली ती केवळ तो पट्टा निघाल्यामुळे.

साफसफाईची रीत अशी. यंत्र बंद करून अ‍ॅडॉप्टरची पिन काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बहुतेक यंत्रांत पाठीमागे एकच स्क्रू असतो; तो सैल केला की झाकण पुढे सरकते. काम गॅलरीत किंवा अंगणात करावे आणि नाकाला रुमाल बांधावा. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते.

पंखा काढता येत असेल तर तो काढूनच साफ करावा. काढता येत नसेल तर पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत. धूळ उडवण्याच्या ब्लोअरच्या झोतात पंखा मोकळा फिरू दिला तर तो त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जातो, त्याचे बेअरिंग दुखावते आणि फिरती मोटर उलट वीज निर्माण करून बोर्डाला इजा करू शकते. झोत नेहमीच्या हवेच्या उलट दिशेने, म्हणजे बाहेर जाणाऱ्या जाळीकडून आत, असा मारावा; नेहमीच्याच दिशेने मारला तर धूळ पत्र्यांत अधिक घट्ट बसते. दाबाच्या हवेचा डबा वापरत असाल तर तो सरळ उभा धरावा, उलटा धरल्यास त्यातून गारठवणारा द्रव बाहेर पडतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नये, कारण त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज साचते. तेलकट थर मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सोडवावा आणि पूर्ण वाळू द्यावा.

कोरड्या, धुळीच्या गावात वर्षातून दोनदा आणि एरवी एकदा ही सफाई पुरते. दिवाळीच्या आवराआवरीत एकदा आणि मार्चच्या आरंभी, उन्हाळा चढण्यापूर्वी एकदा, असा क्रम मी ठेवला आहे.

पेस्ट, पॅड आणि पंखा

सफाईनंतरही तापवाढ पन्नासच्या बरीच वर राहिली आणि यंत्र पाच-सहा वर्षांचे असेल, तर पेस्ट वाळली असण्याची शक्यता धरावी. हीटसिंक काढण्यापूर्वी यंत्र दहा मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे पेस्ट सैल होते. स्क्रू एकामागून एक पूर्ण न काढता कर्णरेषेत थोडे थोडे सैल करावेत. हीटसिंक सरळ वर न उपटता किंचित डावीउजवीकडे फिरवून सोडवावा. ज्या यंत्रांत इंटेलऐवजी एएमडी या कंपनीचा एएम४ प्रकारचा प्रोसेसर असतो, त्यांत जोराने ओढल्यास प्रोसेसर हीटसिंकला चिकटूनच सॉकेटबाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात, म्हणून तिथे विशेष जपावे.

जुनी पेस्ट आधी कागदी रुमालाने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पुसावी. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण वापरू नये. धातूचे झाकण असलेल्या प्रोसेसरवर मधोमध हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढी पेस्ट पुरते; हीटसिंकचा दाब ती आपोआप पसरवतो. बोर्डावरच डागलेल्या प्रोसेसरचे सिलिकॉन मात्र बहुधा उघडे असते, त्याला झाकण नसते. अशा ठिकाणी पातळ थर पूर्ण चकचकीत भागावर पसरवून लावावा, कारण एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथली उष्णता अडकते. शिवाय उघड्या सिलिकॉनची कड टवका उडून फुटू शकते, तेव्हा हीटसिंक टेकवताना तो तिरका आदळू देऊ नये. स्क्रू पुन्हा कर्णरेषेतच, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. अनेक हीटसिंकांवर स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, ते याच क्रमासाठी.

रबरासारखे मऊ थर्मल पॅड दिसले तर ते फाटू न देता जपावेत. पॅडच्या जागी पेस्ट चालत नाही. तिथली फट अर्धा किंवा एक मिलिमीटरची असते आणि पेस्ट ती भरू शकत नाही. नवा पॅड घेताना जुन्याच्याच जाडीचा घ्यावा. जाड पॅड घातला तर हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकतच नाही आणि एकीकडचे भले करताना दुसरीकडचे बिघडते.

एम.२ प्रकारची एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी पातळ पट्टी, बहुधा पंख्याच्या झोताबाहेर, बोर्डाच्या खालच्या अंगाला असते आणि तिचा विचार शेवटी होतो. सत्तरच्या पुढे जाऊ लागली की तीही आपला वेग आवरते. ती आणि तळाचे पत्र्याचे झाकण यांच्यामध्ये योग्य जाडीचा पॅड बसवला तर संपूर्ण झाकण तिचा हीटसिंक होते. कमी पैशांत इतका फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

पंखा घरघरू लागला, किंवा सुरू होताना अडखळू लागला, तर तो बदलावा. तेल सोडून मिळणारी उसंत अल्पकाळच टिकते. नवा घेताना जुन्यावरचा क्रमांक, तारांची संख्या आणि व्होल्ट जुळवून घ्यावेत. बाहेरून सारखे दिसणारे पंखे ५ व्होल्टचेही असतात आणि १२ व्होल्टचेही, आणि ५ व्होल्टचा पंखा १२ वर लावला तर तो जळतो.

उष्णता मुळातच कमी करणे

एवढे सगळे करूनही चाळीस अंशांच्या खोलीत यंत्र काठावर चालत असेल, तर प्रोसेसरलाच थोडे आवरावे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील प्रगत सेटिंग्जमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के केले की बहुतेक इंटेल यंत्रांत टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वरचा जादा वेग, बंद होतो. टर्बोचा शेवटचा टप्पा गाठताना व्होल्टेज चढवावे लागते आणि उष्णता वेगापेक्षा पुष्कळ जास्त प्रमाणात वाढते, म्हणून टर्बो सोडल्यावर तापमान एकदम उतरते. हिशेब, पत्रव्यवहार आणि ब्राउझर यांत हा बदल बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. व्हिडिओचे काम करणाऱ्याला मात्र तो नक्की जाणवेल, तेव्हा त्याने हा उपाय उन्हाळ्यापुरताच ठेवावा. काही यंत्रांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शांतता आणि थंडावा यांपैकी काय आधी हवे ते निवडता येते. मे महिन्यात थंडावा निवडावा आणि पावसाळा लागला की परत यावे.

नवे यंत्र घेताना हा विचार आधीच करता येतो. इंटेलचा २०२३ साली आलेला एन१०० हा अधिकृतपणे ६ वॅटचा चार कोअरचा प्रोसेसर आहे. पेटीच हीटसिंक म्हणून वापरणाऱ्या, पंखा नसलेल्या यंत्रांत तो आढळतो आणि साध्या कामाला तो पुरतो. पंखा नसला की धूळ ओढली जात नाही, हा धुळीच्या गावात फार मोठा गुण आहे. मात्र अशा पेटीचे बाहेरचे कवच हाताला चांगलेच गरम लागते आणि ते तसे लागणे योग्यच असते, कारण आतली उष्णता बाहेर येत असल्याचीच ती खूण आहे. तिच्यावर काही ठेवू नये आणि तिला भिंतीला टेकवू नये, इतके पथ्य पुरते.

काम आटोपल्यावर झाकण लावण्यापूर्वी एक गोष्ट मी नेमाने करतो. चार सेंटिमीटरचा एक कागदी स्टिकर घेऊन त्यावर तारीख, खोलीचे तापमान, वीस मिनिटांच्या भारानंतरचे तापमान आणि दोहोंतली तापवाढ लिहितो आणि तो झाकणाच्या आतल्या बाजूला, जाळीपासून दूर चिकटवतो. अकोल्याच्या त्या यंत्रात आता असे तीन स्टिकर आहेत: ४३, ४५ आणि मागच्या मार्चमधल्या सफाईनंतरचा पुन्हा ४३. ज्या दिवशी सफाईनंतरही हा आकडा ५० च्या खाली उतरणार नाही, त्या दिवशी त्याची पेस्ट बदलायची, असे तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच ठरवले आहे.